मेजर टेलरची वर्दी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मेजर म्हणते. ह्यांनी आयुष्यात बंदूक धरलेली नाही. घरात झुरळ निघालं तर चप्पल मी उचलते आणि हे पलंगावर उभे राहून झुरळ कुठे पळालं ते सांगतात. पण दुकानाच्या पाटीवर ‘मेजर टेलर’ असं लिहिलेलं आहे. पाटी रंगवणाऱ्याने ‘मेजर’ हा शब्द एवढा ऐसपैस काढला की ‘टेलर’ला जागाच उरली नाही, तो त्याने कोपऱ्यात बारीक कोंबला. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर नुसता मेजर दिसतो. दुसरा कुणी असता तर पाटी परत रंगवून घेतली असती. ह्यांनी रंगाऱ्याला चहा पाजला.

दुकान कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर आहे. समोर मैदान, आणि मैदानावर दर रविवारी राखीव दलाची कवायत. राखीव दल म्हणजे कॉलेजात शिकता शिकता अर्धा सैनिक व्हायचं. रविवारी कवायत, सुट्टीत छावणी, आणि शिक्षण संपल्यावरही कित्येक वर्षं, वरून बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायचं. नाव घालायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं, पण एकदा सही केली की मागे फिरता येत नाही. या पोरांच्या वर्द्या हे शिवतात. काज, बटणं, तुरपाई, बिल्ले लावणं माझ्याकडे. म्हणजे वर्दी अंगावर टिकते ती माझ्यामुळे आणि मिशीला पीळ ह्यांच्या.

वर्षानुवर्षं वर्द्या शिवून ह्यांचा असा समज झालाय की आपण दलातच आहोत. बोलताना ‘आम्ही’ म्हणतात. ‘यंदा आम्ही डोंगराकडची ठाणी मजबूत करतोय,’ असं तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाला सांगतात. गिऱ्हाईक बिचारं पँटची उंची कमी करायला आलेलं असतं. ते मान डोलावतं. कात्री ह्यांच्या हातात असते, वाद कोण घालणार?

मग तरुणपणी स्वतः दलात का गेला नाहीत, असं कुणी विचारलंच, तर ह्यांच्याकडे सबबींची तीन-चार कापडं फाडून ठेवलेली आहेत. माणूस बघून त्याला शोभेल ते काढतात. एकाला गुडघा सांगतात, दुसऱ्याला आईचं आजारपण. एकाला तर साहेबच आपल्यावर जळत होता असं सांगितलं. खरी गोष्ट मला थोरल्या दिरांनी सांगितली. हे फाटकापर्यंत गेले होते. आत पोरांना शर्ट काढून रांगेत उभं केलेलं दिसलं, तसे तिथूनच परत आले आणि घरी सांगितलं की फाटक बंद होतं. माणूस घाबरतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मीही घाबरले असते. पण स्वतः ज्या फाटकातून आत गेलो नाही, त्यातून जन्मभर दुसऱ्यांची पोरं आत ढकलत राहायची, याला माझ्याकडे एक शब्द आहे. तो मी घरात वापरते, इथे लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. माणसाचं कसब आहे. हे माप नजरेने घेतात. टेप गळ्यात असतो, पण तो नुसता शोभेचा. पोरगा समोर उभा राहिला की हे त्याच्याभोवती एक चक्कर मारतात, डोळे बारीक करतात आणि खांदा, छाती, बाही असे आकडे घडाघडा बोलत सुटतात. मी ते खडूने कापडाच्या तुकड्यावर उतरवून घेते. टेप लावणं म्हणजे ह्यांच्या मते कच्च्या शिंप्याचं लक्षण. आणि चुकल्याचं मला आठवत नाही. पोरगा किरकोळ अंगाचा असला तर माप तेवढंच धरतात, पण तोंडाने म्हणतात, ‘भरशील. दलात गेलास की भरशील.’ सगळ्यांना हेच सांगतात. शिंप्याच्या तोंडून हे ऐकून पोरं खूष होतात, आरशात स्वतःकडे तिरकं बघतात. कुणाला कसं हरभऱ्याच्या झाडावर चढवावं, एवढी एक विद्या ह्यांना शिलाईहून जास्त येते.

असाच एक चष्मेवाला पोरगा होता. मला त्याचं नाव कधी कळलं नाही. बटण तुटलं की स्वतः लावायचा प्रयत्न करायचा आणि मग ओशाळून माझ्याकडे यायचा. त्याला बोलावणं आलं. लढाईबिढाई काही नव्हती. कुठल्याशा गोदामावर पहारा होता. तिथून परतताना ट्रक उलटला. काही महिन्यांनी त्याची आई दुकानात आली. तिच्या हातात वर्दीचा डगला होता. उजवी बाही कोपराच्या वर बंद करून हवी होती. दलाचा काहीतरी समारंभ होता आणि त्याला वर्दी घालून बोलावलं होतं. मोकळी बाही लोंबते, ती त्याला आवडत नाही, असं ती म्हणाली. अगदी सरळ आवाजात म्हणाली, जसं कुणी पँट आखूड करायला सांगेल तसं.

हे म्हणाले, ‘केवढा मान मिळाला पोराला.’ आणि डगला माझ्याकडे सरकवला. ‘हे तुझं काम. तुरपाईचं आहे.’ तुरपाईचं नव्हतं ते. बाही कापायची होती, आणि कात्री ह्यांची. बाही मी कापली. त्यानंतर हे गिऱ्हाइकांना सांगू लागले की आपण शिवलेल्या वर्दीतला एक पोरगा आघाडीवर जखमी झाला. ट्रकचं नावही काढत नव्हते.

आमचे चिरंजीव त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. देवाने आम्हाला एकच मुलगा दिला आणि त्यात ठरवायचं यंत्र बसवायला विसरला. लहानपणी दोन रंगांची कापडं पुढे टाकून ‘शर्ट कुठला शिवू?’ विचारलं की हा रडायला लागायचा. कॉलेजात विषय कुठला घ्यायचा ते शेजारच्या मित्राने ठरवलं, कारण फॉर्म त्याने भरला. केस कसे कापायचे ते न्हावी ठरवतो. काहीही विचारा, उत्तर एकच: ‘बघू.’ पोरगा वाईट नाही. उद्धट नाही, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण आईनेच सांगायचं तर नुसता पिळपिळीत.

यंदा नावनोंदणी सुरू झाली तशी दुकानात उस्तादाची येजा वाढली. उस्ताद म्हणजे मैदानावर पोरांकडून कवायत करून घेणारा. त्याचं पोट आधी दुकानात येतं, मग तो. पोरांनी छाती काढावी म्हणून दिवसभर ओरडतो, स्वतःची केव्हाच पोटात उतरली आहे. त्याला ठरलेल्या तारखेच्या आत रांग भरून दाखवायची असते, म्हणून तो ह्यांना मेजरसाहेब म्हणतो. नुसतं मेजर नाही, साहेबसुद्धा. ‘मेजरसाहेब, तुमच्या घरातला पोरगा नाही आला तर लोक काय म्हणतील?’ झालं. लोक काय म्हणतील ते त्या दिवसापर्यंत लोकांच्या स्वप्नातही नव्हतं. ह्यांच्या डोक्यात मात्र शिरलं ते शिरलंच.

तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी सभा. हे पोराला सांगायचे, ‘शिस्त लागेल. नोकरीत आधी विचार होईल. माणसात येशील.’ मी सांगायचे, ‘बोलावणं आलं की नोकरीच सोडून जावं लागेल, त्याचं काय?’ हे म्हणायचे, ‘तू बायकांसारखं बोलतेस.’ मी म्हणायचे, ‘मग कुणासारखं बोलू, तुमच्यासारखं? पलंगावर चढून?’ मधे चिरंजीव. ह्यांनी ‘काय रे, जाणार ना?’ विचारलं की ‘बघू’, आणि मी ‘नाही ना जाणार?’ विचारलं तरी ‘बघू’. ह्यांना त्यात होकार ऐकू यायचा, मला नकार. आम्ही दोघंही एकाच शब्दावर आपापले इमले बांधत होतो.

एकदा हे दुकानात असताना मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, ‘हे बघ, ह्यांच्याशी मी भांडेन. उस्तादाला मी दुकानाबाहेर काढीन. पण नाही म्हणायचं ते तुझ्या तोंडाने म्हण. एकदा म्हण, मग पुढचं मी बघते.’

‘हो,’ तो म्हणाला.

‘हो म्हणजे नाही म्हणशील?’

‘हो म्हणजे, बघू.’

मी तिथून उठले. हाताशी पट्टी होती, ती त्याच्या पाठीत घालावीशी वाटली, इतका संताप आला. जन्म द्यायचा, वाढवायचं, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीवर त्याने आपल्याला टांगून ठेवायचं, बाजारात भाव विचारून निघून जाणारं गिऱ्हाईक ठेवतं तसं. आणि तरी मला खात्री होती की हा जाणार नाही. जायलासुद्धा ठरवावं लागतं. ह्याच्याच्याने ते व्हायचं नाही, असा माझा हिशेब.

नावनोंदणीचा शेवटचा आठवडा. हे वर्दीचा एक डगला शिवत होते आणि त्यावर चिठ्ठी नव्हती. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचलेली असते. चिठ्ठीशिवाय मी काजाला हात लावत नाही. मी विचारलं, ‘कुणाचा?’ तर म्हणाले, ‘आहे एक मोठं गिऱ्हाईक. माप माझ्या डोक्यात आहे.’ कापड कपाटातल्या वरच्या फळीवरचं, साहेबलोकांसाठी राखलेलं. खांद्यात अस्तर. शिलाई तर अशी, की डगला उलटा करून सुलटा म्हणून घालावा. मशीनवर बसले की गुणगुणत होते. मी काजं केली. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी उस्ताद दुकानात स्टुलावर बसलेला होता आणि इस्त्रीचं गाठोडं उचलायला मी चिरंजीवांना बोलावून घेतलं होतं. हे एकदम उठले, खुंटीवरचा डगला काढला, झटकला आणि म्हणाले, ‘चिरंजीव, इकडे या. घाला.’

मी सुई खाली ठेवली.

त्याने घातला. काही विचारलं नाही, नाही म्हटलं नाही, हात मागे केले आणि घातला. खांदे दंडावर उतरले. बाह्यांतून बोटांची नुसती टोकं दिसत होती. गळ्यात आणखी एक गळा मावला असता. आरशासमोर उभा राहिला तेव्हा डगला उभा होता आणि आमचा मुलगा त्यात कुठेतरी होता.

हे बघतच राहिले. मग म्हणाले, ‘छाती काढ.’ त्याने काढली. काही फरक पडला नाही. ‘नीट उभा राहा. खांदे असे मागे घे.’ मग कापडाला दोष दिला, धुतल्यावर आटेल म्हणाले. मग माझ्याकडे वळले, जसं काही काजं करताना मी बाह्या ओढून लांब केल्या. शेवटी म्हणाले, ‘भरेल. दलात गेला की भरेल.’

उस्ताद हसायला लागला. ‘मेजरसाहेब, यात तर असे दोघं मावतील. कुणाच्या मापाने कापलात?’

कुणाच्या, ते मला तोवर कळलं होतं. या माणसाचे शर्ट मी इतकी वर्षं धुते आहे. त्याचा खांदा मला टेपशिवाय कळतो. मी उठले, चिरंजीवांच्या अंगावरचा डगला काढला आणि ह्यांच्यापुढे धरला. म्हटलं, ‘घाला.’

‘मी कशाला?’

‘घाला म्हणते ना.’

घातला. टाचणी लावायलासुद्धा जागा नव्हती, असा बसला. खांदे बरोबर खांद्यावर, बाही मनगटावर. हे आरशात स्वतःकडे बघत उभे राहिले. ज्या माणसाची नजर परक्या पोरांच्या बाबतीत कधी चुकली नाही, त्याला स्वतःचा मुलगा दिसलाच नव्हता. त्याने डोळे बारीक करून चक्कर मारली असेल ती त्या फाटकावरून परत फिरलेल्या स्वतःभोवती. उस्ताद म्हणाला, ‘आता तुम्हीच चला,’ आणि परत हसला.

मला आसुरी आनंद होईल असं वाटलं होतं. झालाही, खोटं कशाला बोलू. पण तो पुरला नाही. ह्यांचा चेहरा बघवेना. कानापर्यंत लाल झाले होते आणि बटणं काढायला गेले तर सुटेनात; काजं मी घट्ट केली होती. तेव्हा मीच पुढे होऊन ती सोडवली.

डगला खाली ठेवून हे चिरंजीवांकडे वळले. प्रथमच बघावं तसं बघत होते, वरपासून खालपर्यंत. ते बारीक खांदे, ती मान. ‘राहू दे,’ म्हणाले. ‘तुला जायचं नसेल तर नको जाऊस. उस्तादांना काय म्हणायचं ते म्हणोत.’

माझा विश्वास बसेना. इतक्या संध्याकाळी भांडून जे झालं नाही ते एका डगल्याने केलं. मी चिरंजीवांकडे बघितलं, की बाबा रे, आता तर म्हण. आता समोर कुणी अडवणारा नाही, आता तरी नाही म्हण.

तो म्हणाला, ‘सही झाली, बाबा. सोमवारीच.’

उस्ताद आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघू लागला. ‘म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, म्हणूनच वर्दी शिवलीत.’ मग त्याला एकदम मैदानावर काम आठवलं आणि तो स्टूल मागे सारून निघून गेला. एवढ्या चपळाईने हललेला तो मला त्या दिवशीच दिसला.

आम्ही दुकान बंद करून घरी आलो. मी पानं घेतली, तिघं जेवायला बसलो आणि मी विचारलं. ओरडले नाही, साधंच विचारलं. म्हटलं, ‘ह्यांनी सांगितलं म्हणून केलीस?’

‘नाही.’

‘मग मी नको म्हणत होते म्हणून?’

‘नाही गं आई. तुमच्या दोघांचं काही नाही.’

‘मग का?’ हे म्हणाले. ‘तुला आवडतं का ते? बंदूक, कवायत?’

त्याने जरा विचार केला. प्रश्नाला उत्तर द्यायचा त्याने विचार केलेला मी क्वचितच बघितला आहे. ‘नावनोंदणीच्या आठवड्यात रोज कवायत असते ना, सोमवारी मी नुसता बघायला गेलो होतो. पोरं रांगेत उभी होती. एक जण पुढून ओरडत होता, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब. सगळी वळत होती. कुणी कुणाला विचारत नव्हतं की तुझं काय ठरलं.’ त्याने आमटी ओढून घेतली. ‘मला बरं वाटलं तिथे. एकदा सही केली की मग काहीच ठरवावं लागत नाही.’

हे माझ्याकडे बघत होते. मी ह्यांच्याकडे बघत होते. भांडायला दोघांकडेही काही शिल्लक नव्हतं.

मी म्हटलं, ‘आणि उद्या बोलावणं आलं तर?’

‘जाईन.’

‘कुठे?’

‘ते सांगतील ना,’ तो म्हणाला, आणि ताट पुढे करून त्याने आणखी भात मागितला. कित्येक दिवसांत तो इतक्या शांतपणे जेवला नव्हता. मी त्याला भात वाढला. मला त्याची भयंकर भीती वाटली, आमच्याच मुलाची, की ह्याला कुणीही, कुठेही नेईल आणि हा जाईल.